वह्यांचे गठ्ठे आणि अठरावा प्रश्न

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या चाळीत जून महिना आल्याचे दोन गोष्टींवरून कळते. एक म्हणजे पोरे छपरावर चढून ताडपत्र्या बांधू लागतात. दुसरी म्हणजे मंडळाच्या फळ्यावर खडूने ‘मोफत वह्यावाटप’ असे ठळक अक्षरांत लिहिले जाते. प्रभादेवीच्या या चाळीत मी जन्मले आणि तिसरीत असल्यापासून दरवर्षी या वह्या घेत आले. दोन वर्षांपूर्वी बारावीला बरे गुण पडले, तेव्हा मंडळाने नारळ आणि सहा वह्या देऊन माझा सत्कार केला. तेव्हापासून मी घेणाऱ्यांच्या रांगेतून देणाऱ्यांच्या बाजूला आले.

गेल्या जूनमधली गोष्ट. स्टेजवर पाहुणे बसले होते, लाउडस्पीकर खरखरत होता आणि मी एकेका मुलाच्या हातात सहा-सहा वह्यांचा गठ्ठा देत होते. पाचवीतला एक मुलगा गठ्ठा घेऊन खाली उतरला, पुन्हा वर आला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ताई, ह्या वह्या दुकानदार परत घेतो का?”

“का रे?”

“घरी खूप आहेत. शाळेतूनपण मिळतात. मला बॅटरी घ्यायचीय. रात्री दिवा लावला की पप्पा ओरडतात. त्यांची पहाटेची ड्यूटी असते.”

मी त्याला हसून “जा, जा” म्हटले आणि पुढच्या मुलाचे नाव पुकारले. पण त्या रात्री मला झोप लागेना. मी उठून आमच्या कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात मंडळाचा शिक्का असलेल्या एकवीस कोऱ्या वह्या निघाल्या. काहींची पाने पिवळी पडली होती. एका वहीत मात्र आईने डब्यांचा हिशेब लिहिलेला होता. आमच्या घरात मंडळाच्या वह्यांचा झालेला खराखुरा उपयोग तेवढाच.

माझी ओळख थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. माझे आजोबा गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात ते बाहेर पडले ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. वडील तेव्हा शाळेत जाण्याच्या वयाचेही नव्हते; पण संपाने घराची जी घडी मोडली ती पुढे बसली नाही आणि नववीतून त्यांची शाळा सुटली. आज ते एका टोलेजंग इमारतीच्या दारावर रखवालदार आहेत. ती इमारत गिरणीच्याच जागेवर उभी आहे. आई सातवी शिकलेली. ती ऑफिसच्या लोकांना डबे करून देते. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. म्हणून ‘पाहणी’, ‘नमुना निवड’, ‘प्रश्नावली’ हे शब्द समाजशास्त्राच्या तासाला प्रथम ऐकले, तेव्हा ते परीक्षेपुरते पाठ करायचे शब्द आहेत असेच मला वाटले होते.

एके दिवशी सरांनी तासाला विचारले, “ना. म. जोशी मार्ग कोणाला माहीत आहे?” सगळ्यांचे हात वर झाले. “ना. म. जोशी कोण?” सगळे हात खाली. त्या रस्त्यावरून मी शेकडो वेळा गेले असेन. कोणी जुने पुढारी असतील एवढाच माझा समज होता. सरांनी सांगितले ते असे. नारायण मल्हार जोशी हे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे. जन्म १८७९ चा. काही वर्षे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. १९०९ साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या असे कितीतरी उद्योग केले. परळचे दामोदर नाट्यगृह लीगचेच. १९२२ पासूनची ही वास्तू २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाली. पण सर म्हणाले, लीगच्या उद्देशांमध्ये एक उद्देश असा होता की, सामाजिक वस्तुस्थितीची माहिती गोळा करायची, तिचा अभ्यास करायचा आणि त्यावरून लोकमत घडवायचे. नुसती सेवा करायची असे नव्हे; कशाची सेवा करायची हे आधी शोधायचे.

मी त्या संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन बसले. लंडनमध्ये चार्ल्स बूथ यांनी गल्लीगल्लीची पाहणी करून गरिबीचे रंगीत नकाशे केले. यॉर्क शहरात राउंट्री यांनी १९०१ साली आपली पाहणी प्रसिद्ध केली. ते सारे दूरचे. पण आपल्याकडेही पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली व ती १९१७ साली छापली. त्या गावात आज आमच्या प्रभादेवीसारख्याच उंच इमारती आहेत. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये मुंबईतल्या २,४७३ कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. त्यात शंभरापैकी सत्त्याण्णव कुटुंबे एकाच खोलीत राहतात आणि सत्तेचाळीस कुटुंबे कर्जात आहेत असे आढळले. त्या अहवालातली आणखी एक गोष्ट वाचून मी थांबलेच. कामगाराच्या पोटात जाणारे धान्य तुरुंगातल्या कैद्याला ठरवून दिलेल्या धान्यापेक्षा कमी होते! शंभर वर्षांपूर्वी आमच्यासारख्याच कोणाच्या तरी खोलीत जाऊन, तांदूळ किती, डाळ किती, असे कोणीतरी शांतपणे विचारले, म्हणूनच हे वाक्य लिहिता आले. पुढे १९३६ साली नागपाड्याला समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची शाळा निघाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.

मग माझ्या मनात आले, आमचे मंडळ गणपतीची वर्गणी काढते, वह्या वाटते, एक रक्तदान शिबिर घेते. पण आम्ही कधी कोणाला काही विचारले आहे का?

गणपती झाल्यावर हिशेबाची सभा भरते, तिच्यात मी हा विषय काढला. एक तर मुलगी, त्यातून वयाने सर्वांत लहान. कार्याध्यक्ष अण्णांनी चष्म्यावरून पाहिले.

“म्हणजे काय करायचं म्हणतेस?”

“घरोघर जाऊन विचारायचं, अण्णा. कोणाला काय अडचण आहे ते. मग आपल्या पैशांत काय बसतं ते ठरवायचं.”

“दान देताना समोरच्याला प्रश्न विचारायचे नसतात, पोरी. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात.”

मागून कोणीतरी म्हणाले, “पण स्टेजवरचा फोटो तर चारचौघांना कळतो!” सभा हसली. अण्णा हसले नाहीत.

खजिनदार काका मात्र माझ्या बाजूने बोलले. त्यांचे म्हणणे असे : आपण हिशेब चोख ठेवतो. सार्वजनिक न्यासांसाठी १९५० पासून कायदा आहे, वरळीला धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथे जमा किती, खर्च किती, पावत्या कुठे, हे सगळे विचारतात. पण त्या वह्यांचे पुढे काय झाले हे आपल्याला कोणी विचारत नाही. “पोरगी विचारते आहे, तर विचारू दे,” ते म्हणाले. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या व शेजारच्या चाळीची पाहणी करायला परवानगी मिळाली. खर्च : झेरॉक्सपुरता.

सरांच्या मदतीने मी सतरा प्रश्न तयार केले. सरांनी तीन सूचना दिल्या. कागदावर नाव लिहू नकोस, फक्त क्रमांक घाल. उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नकोस. आणि आधी पाच घरांत करून बघ. माझ्या बरोबर चाळीतल्या दोन मैत्रिणी आणि मंडळातला एक मुलगा असे आम्ही चौघे निघालो.

पहिली पाच घरे पूर्ण फसली. आम्ही सकाळी गेलो, ती पाण्याची वेळ. बायका पिंप भरत होत्या. दुसऱ्या घरी आजोबाच सगळी उत्तरे देत होते आणि आतल्या काकू नुसत्या मान हलवत होत्या. प्रत्येक दारी आम्ही गॅलरीत उभे राहून “घरात कोणी आजारी आहे का? कर्ज आहे का?” असे विचारत होतो आणि शेजारची तीन दारे उघडी होती. मग उत्तर काय मिळणार? “देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे.” पाचही कागदांवर हेच. ते कागद पाहिले असते तर प्रभादेवीत रामराज्य आहे असे कोणालाही वाटले असते.

सरांना मी रडवेल्या सुरात हे सांगितले. त्यांनी मला एक जुनी हकिकत सांगितली. १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे ६६७ अर्भके दगावली असा आकडा नोंदला गेला. एका खोलीत राहणाऱ्यांमध्ये तर ८२८. आकडा भयंकर होता आणि हालही खरे होते. परंतु त्यात एक मेख होती. कितीतरी बायका बाळंतपणाला गावी जात. मूल जन्मे गावाला आणि त्याची नोंद तिकडेच. ते मुंबईत आल्यावर दगावले तर मृत्यूची नोंद मात्र इथे. त्यामुळे भागाकार चुके. “आकडा खोटं बोलत नाही असं म्हणतात,” सर म्हणाले, “पण आकड्याला माहेर असतं. तो कुठून आला ते आधी विचारावं.” ही हकिकत मला चटकन कळली. मी स्वतः सावर्ड्याजवळच्या आजोळी जन्मलेली आहे.

मग आम्ही पद्धत बदलली. दुपारी तीननंतर जायचे. आत जाऊन खाली बसायचे. शक्यतो घरातल्या बाईशी बोलायचे. आणि तळमजल्यावरच्या एका आजींनी आम्हांला जो धडा दिला त्यावरून प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवला. त्या म्हणाल्या होत्या, “काय कमी आहे असं विचारलंस तर कोण सांगेल गं? माणसाला लाज असते. पुढे काय ढकललं ते विचार. ते सांगताना माणसाला आपण कर्तबगार वाटतो.” म्हणून अठरावा प्रश्न असा झाला : ‘गेल्या वर्षभरात पैशांसाठी किंवा वेळेसाठी तुम्ही कोणती गोष्ट पुढे ढकलली?’

या प्रश्नाने कुलूप उघडले. कोणी दाताचा इलाज ढकलला होता, कोणी कानाचे यंत्र. एका काकांनी गावच्या घराचे कौल. एका मुलीने टायपिंगची परीक्षा. कोणी बोलता बोलता उठून चहा ठेवला. एका घरातून मात्र आम्हांला सुनावले गेले, “आमच्या घराचं गाऱ्हाणं घेऊन काय स्टेजवर वाचणार आहात?” त्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही. आम्ही तो कागद त्यांच्यासमोर फाडला.

दोन्ही चाळींच्या शहाण्णव खोल्यांपैकी एक्याऐंशी कागद भरून झाले. शेवटी आमची स्वतःची खोली राहिली होती. तिचा कागद मी बसल्या जागी दोन मिनिटांत भरला. माणसे चार. कमावती दोन. शिकणारी दोन. आजार : नाही. आपल्याच घरात काय विचारायचे?

रात्री कागदांची जुळवणी करताना आमच्या कागदावरची अठराव्या प्रश्नाची जागा कोरी दिसली. आई उद्याच्या डब्यांसाठी भाजी निवडत बसली होती. मी सहज म्हणाले, “आई, गेल्या वर्षात तू काय पुढे ढकललंस?”

“काही नाही.”

“सगळ्यांनी सांगितलं. तूपण सांग.”

ती बराच वेळ घेवड्याच्या शिरा काढत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, “पोटात गाठ आहे म्हणालेत. काढायला सांगितलीय. दोन वर्षं झाली आता. तुझी बारावी होती तेव्हा. मग तुझं कॉलेज सुरू झालं. डबे बंद ठेवले तर गिऱ्हाईक तुटतं.”

दोन वर्षे! दहा बाय पंधराच्या खोलीत आम्ही चौघे राहतो. तिथे कूस बदलली तरी दुसऱ्याला कळते. ती चार दिवस पांढरीफटक पडते हे मी पाहत होते. ‘थकली असेल’ असे म्हणून वही उघडून बसत होते. एक्याऐंशी घरांत जाऊन मी लोकांची दुखणी विचारून आले आणि माझ्याच घराच्या कागदावर ‘आजार : नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहिले. पाहणीतला एकमेव खोटा कागद, निदान मला ठाऊक असलेला, माझा होता. मी तो खोडला नाही. त्याखाली दुसरा कागद घेतला आणि आईला अठरा प्रश्न पहिल्यापासून विचारले.

पुढे आम्ही सगळ्या कागदांची बेरीज केली. घराघरांतून तीन गोष्टी पुन्हा पुन्हा निघत होत्या. पहिली, ढकललेली दुखणी. आणि ती बहुतेक बायकांची. दुसरी, रात्री अभ्यासाला जागा नसणे. बॅटरी मागणारा तो मुलगा एकटा नव्हता. तिसरी, एकटी राहणारी म्हातारी माणसे. पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला, बँकेचे कागद यांसाठी त्यांना कोणाच्या तरी पाया पडावे लागे. वह्या हव्यात असे म्हणणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. महापालिकेच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना वह्या, दप्तर, बूट असे सत्तावीस प्रकारचे साहित्य पालिकाच देते. आम्ही भरल्या घागरीत पाणी ओतत होतो.

आणि एक गोष्ट कोणी सांगितली नाही, कारण ती कोणाला ठाऊकच नव्हती. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांना सवलतीच्या दरात द्याव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. त्यासाठी रेशन कार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. परळला के.ई.एम. आहे, टाटा आहे, वाडिया आहे. आमच्या वस्तीच्या चारी बाजूंना इस्पितळे आहेत. दुखणे दहा मिनिटांच्या अंतरावर बरे होण्यासारखे; आणि कागद माहीत नाही म्हणून ते घरातच बसलेले.

मंडळाच्या सभेत मी फळ्यावर तीन रकाने आखले : आहे काय, हवे काय, झेपेल काय. नियोजनाच्या पुस्तकांत याला मोठी मोठी नावे आहेत. माझ्या आईच्या डब्यांच्या वहीत हेच तीन रकाने बिननावाचे असतात. आमच्याकडे पैसे थोडे. पण एक खोली आहे, तिच्यात पंखा आणि दोन ट्यूबलाइट आहेत, आणि वीसेक पोरे आहेत. शस्त्रक्रियेचे पैसे मंडळाला झेपणार नाहीत. पण दाखल्यासाठी बरोबर जाणारे माणूस झेपेल. बॅटऱ्या वाटण्यापेक्षा मंडळाची खोली रात्री अभ्यासाला देणे झेपेल.

आणि मग मी म्हणाले, “म्हणून वह्या बंद कराव्यात.”

अण्णा उठून उभे राहिले. मला वाटले आता ओरडणार. पण ते हळू आवाजात बोलले. “वह्या माझ्या वडलांनी सुरू केल्या. त्र्याऐंशी साली. संपाला दीड वर्ष झालं होतं. पोरं जुन्या कॅलेंडरच्या मागे गणितं करायची. वडलांनी आईची एक पाटली विकली आणि ठोक बाजारातून वह्या आणल्या. त्यांनी कोणाला कागद भरून विचारलं नाही. गरज नव्हती. सगळे एकाच गिरणीतले, एकाच संपातले. कोणाच्या चुलीवर काय शिजतं ते सगळ्यांना ठाऊक.”

सभेत कोणी बोलेना. मी तर खाली मान घालून उभी होते. वह्या ही मूर्खपणाची रूढ आहे असेच मी आतापर्यंत समजत होते. त्या वह्या म्हणजे त्र्याऐंशी सालच्या पाहणीचे अचूक उत्तर होते हे मला त्या वेळी समजले. उत्तर तेच राहिले. मधल्या काळात प्रश्न बदलला. तेव्हा दारे उघडी असत. आज आमच्या चाळीत कोणी टॅक्सीवर, कोणी मॉलमध्ये, कोणी घरोघर सामान पोचवायला. प्रत्येकाची ड्यूटी वेगळी, पगार वेगळा, आणि दाराला आतून कडी. म्हणून कागद घेऊन जावे लागते.

मी अण्णांना म्हणाले, “तुमच्या वडलांना माहीत होतं, म्हणून त्यांनी बरोबर दिलं. आपल्याला माहीत नाही, म्हणून विचारायचं.” एवढेच सुचले. त्यांनी मान हलवली की नाही हे मला दिसले नाही. ठराव मात्र मंजूर झाला : वह्यांचा खर्च निम्मा करायचा, मागेल त्याला वह्या घरी नेऊन द्यायच्या, स्टेज नको, रोज रात्री आठ ते अकरा मंडळाच्या खोलीत अभ्यासिका, आणि रविवारी सकाळी दोन तास माहितीचे टेबल. आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा घरोघर जाऊन विचारायचे. ही शेवटची अट खजिनदार काकांची.

ही सगळी योजना लगेच फळाला आली असे लिहिले तर मी पुन्हा खोटा कागद भरल्यासारखे होईल. अभ्यासिकेत पहिला महिना एकही मुलगी आली नाही. दाराबाहेर कॅरमवाली मुले उभी असत. शेवटी कॅरम मागच्या जिन्याखाली गेला आणि वेळही बदलून सातपासून केली, तेव्हा चार मुली येऊ लागल्या. टेबलावर पहिले दोन रविवार आम्हीच एकमेकींची तोंडे बघत बसलो. तिसऱ्या रविवारी तळमजल्यावरच्या आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या, आणि जाताना गॅलरीभर सांगत गेल्या. त्यानंतर टेबल रिकामे राहिले नाही. बॅटरीवाला मुलगा रोज येतो. निम्मा वेळ अभ्यास करतो आणि निम्मा वेळ पंख्याखाली झोपतो. त्यालाही आम्ही उठवत नाही.

टेबलाच्या वहीत पहिली नोंद क्रमांक एकची, म्हणजे आमच्या खोलीची आहे. तीही मंडळाच्या एका कोऱ्या वहीतच. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तीन खेपा झाल्या, सोनोग्राफी पुन्हा झाली, आणि जानेवारीत आईची शस्त्रक्रिया झाली. तिच्या डब्यांचे काम तीन आठवडे चाळीतल्या दोन काकूंनी वाटून घेतले. एकही गिऱ्हाईक तुटले नाही. ही मदत कोणत्याही रकान्यात आम्ही लिहिलेली नव्हती.

याच गिरणगावात १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. त्या बायकांना दान नको होते. सावकाराच्या तावडीतून सोडवणारे बँकेचे कर्ज हवे होते, आणि तेच मिळवून दिले गेले. हे मी वाचले तेव्हा मला पुन्हा आई आठवली. ती अजून म्हणते, “मला कोणी फुकट दिलं नाही, मी कागद दाखवला आणि माझ्या हक्काची खाट घेतली.”

आपल्या कॉलेजातही राष्ट्रीय सेवा योजना आहे. आपण वस्ती दत्तक घेतो, झाडू मारतो, भिंतीवर घोषणा लिहितो, सही घेतो. मीही गेले आहे. प्राध्यापक मंडळींना आणि मित्रमैत्रिणींना माझी एवढीच विनंती आहे की, पुढच्या शिबिराच्या आधी एक दुपार त्या वस्तीत नुसते बसायला जाऊ या. झाडू नंतर नेता येतील. हवी तर आमची प्रश्नावली देते. अठरा प्रश्नांचा कागद आहे, झेरॉक्सला फार खर्च येत नाही.

फक्त एक करा. पहिला कागद स्वतःच्या घरी भरा, आणि तो भरताना घरच्यांना खरोखर विचारा.